सुवर्णमहोत्सव आणि सोन्याचें वासरूं

(महोत्सवाच्या नोव्हेनेच्या चौथ्या दिवशीं सायंकाळीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून गेला महिनाभर 'सुवर्णमहोत्सव' हा शब्द आपण जेथें तेथें लिहीत आहों. निमंत्रणपत्रिकेवर तो सोनेरी शाईनें छापिला, वेदीमागील पडद्यावर जरीनें भरला, आणि रस्त्यावरील कमानीवर तर दिव्यांनीं उजळला. हें करावयास नको होतें असें आमचें म्हणणें नाहीं; कमानीची वर्गणी गोळा करीत फिरणाऱ्यांत आम्हीही होतों. परंतु या नोव्हेनेंत चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां महोत्सवाविषयीं पवित्र शास्त्र काय सांगतें तें पाहावें म्हणून आम्हीं लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडिला, आणि थोडे चकित झालों. त्या महोत्सवांत सोनें कोठेंच नाहीं. तेथें आहे तें मेंढ्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं तें फुंकावयाचें, आणि त्याचा नाद देशभर झाला कीं, ज्यानें गरजेपायीं आपलें वतन विकलें असेल त्याला तें परत द्यावयाचें, आणि जो दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्याला मोकळें करावयाचें. म्हणजे शास्त्रांतील महोत्सव हातचें सोडण्याचा होता. सोनें आपण मागाहून चढविलें. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव 1887 सालीं मोठ्या थाटानें साजरा झाला, आणि योगायोग असा कीं आपला नागपूरचा धर्मप्रांतही त्याच सालीं स्थापन झाला. बहुधा त्याच सुमारास हा शब्द आपल्या कानीं रुळला असावा.

शास्त्रांत सोनें येतें तें निराळ्या एका सणाच्या वर्णनांत, आणि ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मोशे सीनाय पर्वतावर गेला. दिवसांमागून दिवस लोटले, त्याचा पत्ता नाहीं. खालीं लोकांचा धीर सुटला. त्यांनीं अहरोनाला गांठून, डोळ्यांना दिसेल आणि पुढें चालेल असा देव मागितला. अहरोनानें त्यांच्या बायकामुलांच्या कानांतील सोनें काढून आणविलें, आटविलें आणि त्याचें वासरूं घडविलें. येथपर्यंतची गोष्ट आमच्या वर्गांतील लहान मुलेंही सांगतात. पुढच्या ओळीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या वासरासमोर वेदी बांधून अहरोनानें दुसऱ्या दिवशींच्या सणाची दवंडी पिटविली. आणि ती वासराच्या सणाची नव्हती. ती परमेश्वराच्या सणाची होती! आपण परमेश्वराला सोडिलें असें त्या लोकांना स्वतःला वाटलेंच नाहीं. नांव त्याचें, सण त्याचा, होमबलिही त्याच्याच नांवानें. तोंड तेवढें वासराचें.

आजच्या काळच्या मूर्तिपूजेविषयीं आम्हांला जें सांगावयाचें आहे तें या एका ओळींत आहे.

मूर्तिपूजा हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं कित्येकांची नजर शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे वळते. ती वळूं नये. टेकडीच्या गणपतीपुढें किंवा कोराडीच्या देवीपुढें आपला शेजारी कोणत्या मनानें हात जोडितो हें देव जाणे; त्याच्या मनाचा हिशेब आपणांस विचारिला जाणार नाहीं. शिवाय मूर्ति आपल्याही मंदिरांत आहेत. इ. स. 787 सालीं निकेया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें या प्रश्नाचा निर्णय दिला, कीं प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची असेल त्याला पोंचतो. लांकडाला किंवा रंगाला तो नसतो. आमच्या समजुतीप्रमाणें प्रतिमा ही खिडकी आहे. परंतु खिडकीच्या काचेमागें अंधार झाला कीं तिचा आरसा होतो, आणि मग पलीकडचें दिसण्याऐवजीं आपलाच चेहरा दिसूं लागतो. 1992 सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत मूर्तिपूजेचा विचार करितांना सत्ता, सुखोपभोग, वंश, पूर्वज, राज्यसंस्था आणि पैसा यांचीं नांवें घेतलेलीं आहेत. यांपैकीं एकाचीही मूर्ति बाजारांत विकत मिळत नाहीं.

ही आरशाची गोष्ट आमच्या पदरची नव्हे. ज्यांच्या नांवाचें आपल्या शहराचें महामंदिर आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांनीं ती आपल्या परीनें फार पूर्वीं सांगितलेली आहे. हे आनसीचे संत. त्यांच्या नांवानें निघालेल्या संघाचे मिशनरी 1845 सालीं त्या डोंगराळ सव्हॉय प्रांतांतून हिंदुस्थानांत आले, आणि कामठीच्या छावणीपासून आपल्या भागांतील त्यांच्या कार्यास आरंभ झाला. संतांनीं 1609 सालीं भक्तिमय जीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो संन्याशांसाठीं नव्हता. प्रपंचांतल्या माणसांसाठीं होता. त्याच्या अगदीं आरंभींच अरेलियस नांवाच्या एका जुन्या चित्रकाराचा दाखला आहे. हा चित्रकार कोणाचेंही चित्र काढो, चेहरा मात्र आपल्या आवडत्या स्त्रियांचा उतरवी. संत म्हणतात कीं भक्तीचेंही तसेंच होतें: जो तो आपल्या आवडीच्या रंगांत ती रंगवितो. मग उपासतापास पाळून मनांत वैर जपणारा स्वतःला भक्तिमान् समजतो. दारूचा थेंबही न शिवणारा निंदेनें शेजाऱ्याचें रक्त शोषितो आणि त्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं लिहिलेलें हें वाचतांना आपल्याच गल्लींतील कोणी तरी डोळ्यांसमोर उभें राहतें. आम्हांला तर पहिल्यानें आपल्याच घरचे चेहरे दिसले.

दूरच्या मूर्ति सहज ओळखूं येतात, विशेषतः त्या पडल्यावर. 1877 सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें. त्याच दिवशीं जमशेटजी टाटांची कापडगिरणी आपल्या शहरांत सुरू झाली आणि तिचें नांव एम्प्रेस पडलें. त्या गिरणीनें पिढ्यान्पिढ्या हजारों घरांना भाकर दिली. तिची निंदा करणें कृतघ्नपणा होईल. परंतु भाकर देणारी वस्तु चिरंतन आहे असें मनुष्य धरून चालतो. सम्राज्ञी गेली, तिचें साम्राज्य गेलें; शतक उलटल्यावर गिरणीही बंद पडली, आणि आज त्या जागेवर तेंच नांव धारण करून एक मोठा मॉल उभा आहे. जेथें सूत निघत असे तेथें आतां लोक रविवारची दुपार घालवितात. वेदी तीच, देव बदलला, असें कोणी म्हटलें तर आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

दानिएलाच्या ग्रंथांत नबुखद्नेस्सर राजानें साठ हात उंचीची सोन्याची मूर्ति उभारल्याचें सांगितलें आहे. शिंग, बासरी, वीणा यांचा नाद कानीं पडतांच सर्वांनीं जेथें असाल तेथें दंडवत घालावा, अशी आज्ञा होती. ही वाद्यें आज आपणां प्रत्येकाच्या खिशांत आहेत. नाद होतांच आपली मान खालीं जाते. जेवतांना जाते, आजाऱ्याच्या उशाशीं बसलें असतां जाते, आणि मिस्सेंत पवित्र भाकर उंच धरिली असतांही जाते. यावर अधिक बोलत नाहीं. तरुणांना दोष देण्याची सोय म्हणून हा विषय वडील मंडळींना फार आवडतो. परंतु मागच्या ओळींतून आम्ही पाहतों, तेव्हां पांढऱ्या केसांच्या मानाही तितक्याच वेळां वाकतात.

आतां घरांतील मूर्तींकडे येऊं.

रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही पुष्कळ वर्षें घेत आहों. सातवीआठवीपर्यंत बाकें भरलेलीं असतात. नववींत तीं विरळ होऊं लागतात. दहावीला दोनतीन मुलें उरतात. आणि अकरावीबारावीचा मुलगा रविवारीं सकाळीं मंदिरांत दिसला, तर हा आजारी तर नाहीं ना, अशी शंका यावी. कोचिंगच्या वर्गांत त्या दिवशीं चाचणी असते. आम्ही घरीं जाऊन विचारितों, तेव्हां आईबाप अगदीं नम्रपणें सांगतात, "सर, एवढीं दोन वर्षें जाऊं द्या, मग आहेच देव." बिचारे खोटें बोलत नाहींत. त्यांना खरोखरच तसें वाटतें. सीनायच्या पायथ्याशींही हेंच म्हणणें होतें: मोशे येईल तेव्हां येईल, तोंवर कांहीं तरी पुढें चालणारें हवें.

विद्या देवाच्या आड येते, असें म्हणणारा मनुष्य आपल्या परंपरेंत जन्मलाच नाहीं. त्या सव्हॉयच्या धर्मगुरूंनीं आणि धर्मभगिनींनीं या भागांत येऊन शाळा काढिल्या. आमचे वडील तशाच एका शाळेंत शिकले, आणि शिकले म्हणूनच आम्ही आज आपल्यापुढें उभे आहों. तेव्हां अडचण विद्येची नाहीं. वेदी ओळखावयाची एक जुनी खूण आहे: तिच्यावर कांहीं तरी जाळिलें जातें. यिर्मया संदेष्ट्याच्या काळीं यरुशलेमेच्या वेशीबाहेर हिन्नोमच्या खोऱ्यांत आईबाप आपलीं लेकरें अग्नींत अर्पण करीत. तेही लेकरांचे शत्रु नव्हते. घराचें भलें व्हावें अशीच त्यांची इच्छा असेल. 2023 सालीं राजस्थानांतील कोटा शहरांत, जेथें देशभरचीं मुलें प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं येऊन राहतात, वीसांहून अधिक विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला. त्या मुलांच्या आईबापांनीं त्यांच्यावर प्रेम केलें नाहीं असें कोण म्हणेल? त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं आणि आपणांसही नाहीं. परंतु वर्तमानपत्रांतील तें वृत्त वाचून पान उलटतांना, आपल्या नागपुरांतही त्याच वयाचीं मुलें त्याच परीक्षांसाठीं पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग गांठीत आहेत, हें विसरूं नये.

आणि यांत परमेश्वराचें नांव कसें गोंविलें जातें तें पाहा. मुलाच्या अभ्यासासाठीं घरांतील सायंकाळची जपमाळ बंद होते, आणि त्याच मुलाच्या गुणांसाठीं नऊ मंगळवारांची नोव्हेना सुरू होते. देव जात नाहीं. त्याला गुणपत्रिकेच्या कामाला लाविलें जातें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलीनें प्रार्थना झाल्यावर मागें थांबून आम्हांला विचारिलें, "सर, मी नापास झालें तर देव माझ्यावर रागावेल का?" आम्हीं तिला सांगितलें कीं नाहीं, मुळींच नाहीं. तिनें मान हालविली. परंतु तिचा विश्वास बसला असें आम्हांला वाटलें नाहीं. तिला देव ज्यांनीं शिकविला त्यांत आम्हीही होतों. तिच्या मनांतील देवाला हा चेहरा कोणी दिला? आईनें, बापानें, शाळेनें, कीं प्रत्येक निकालानंतर पहिल्या आलेल्या मुलामुलींची नांवें वेदीजवळून वाचून दाखविणाऱ्या आपण सर्वांनीं? नापास झालेल्या मुलाचें नांव त्या दिवशीं कोणी प्रार्थनेंत तरी घेतलें आहे काय?

देवाशीं सौदा करण्याची आपली खोड मोठी आहे. व्हिसा मिळावा, फ्लॅटचें कर्ज मंजूर व्हावें, भावाबरोबरचा खटला जिंकावा, यासाठीं मेणबत्त्या लागतात. मागावें, मागावयास प्रभूनेंच शिकविलें आहे. परंतु खटल्यासाठीं मेणबत्ती लावितांना समोरचा पक्षही देवाचाच लेकरूं आहे हें आठवलें, तर ती मेणबत्ती थोडी हातांत थांबेल.

पुढची गोष्ट बोलूं नये असा सल्ला आम्हांला दोघातिघांनीं दिला. महोत्सव आहे, पाहुणे आले आहेत, कशाला? तथापि ती टाळून या विषयावर बोलणें म्हणजे अहरोनाची दवंडी पिटणें होय.

आपल्या धर्मग्रामांत अनेक भाषांचीं आणि अनेक ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें आहेत, आणि प्रभुशरीर घेण्यास आपण सर्व एकाच रांगेंत उभे राहतों. ही रांग पाहून आम्हांला नेहमीं अभिमान वाटत आला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच घरीं मुलीसाठीं एक स्थळ आलें. मुलगा आपल्याच धर्मग्रामांतील. लहानपणीं वेदीसेवा केलेला, निर्व्यसनी, पोटापुरतें मिळविणारा. त्याचे वडील आणि आम्ही एकाच समितींत काम केलेलें. बोलणें छान चाललें होतें. मग आम्हीं विचारिलें, "आपण मूळचे कोणते?" बंधुभगिनींनो, हा प्रश्न गांवाविषयींचा नसतो हें विचारणाऱ्यालाही ठाऊक असतें आणि ऐकणाऱ्यालाही. ते गृहस्थ क्षणभर थांबले. मग त्यांनीं सरळ उत्तर दिलें, चहा संपविला आणि उठले. आम्हीं नकार दिला नाहीं, कळवितों म्हणालों. कळविलें कधींच नाहीं. मुलीचें लग्न दुसरीकडे झालें, ती सुखांत आहे. परंतु तेव्हांपासून प्रभुशरीराच्या रांगेंत ते गृहस्थ पुढें असले कीं आमची पावलें आपोआप मंदावत, म्हणजे मध्यें एकदोन माणसें येतील.

घरांतल्यांनीं विचारिलें तेव्हां आम्हीं काय सांगितलें? आमच्या मनांत कांहीं नाहीं हो, परंतु समाज आहे, नातेवाईक आहेत, पुढें मुलांना अडचण होते. मोशेनें जाब विचारिला तेव्हां अहरोनानेंही असेंच उत्तर दिलें होतें. सोनें विस्तवांत टाकिलें, आणि हें वासरूं बाहेर आलें! त्याचा जणूं हातच लागला नव्हता. हें वाचून वर्गांतील मुलें हंसतात. आम्हीही पूर्वीं त्यांच्याबरोबर हंसत असूं.

नागपुरांत राहणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याला या बाबतींत अज्ञानाची सबब सांगतां येत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1935 सालीं येवलें येथें, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजीं याच शहरांत लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारिला. मधलीं एकवीस वर्षें ते धर्माचा विचार करीत होते, आणि त्यांत आपल्याही धर्माचा विचार होता. ख्रिस्ती झालेल्या लोकांतही जातिभाव तसाच उरतो, ही त्यांची टीका त्यांच्या लिखाणांत स्पष्ट आहे. एक थोर शोधक आपल्या दारावरून गेला आणि त्यानें आंत डोकावून पाहिलें. वेदी त्याला दिसली असेल, क्रूसही दिसला असेल. आणि त्यांच्यापुढें आपण मांडून ठेविलेलें वासरूंही दिसलें. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें डिसेंबर 2016 मध्यें दलित बांधवांच्या सबलीकरणाचें जें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत आपल्याच ख्रिस्तसभेंत हा भेदभाव चालतो हें कबूल केलेलें आहे. आपल्या घरांतील लग्नाच्या बैठकींत मात्र ती कबुली अजून पोंचावयाची आहे.

दुसरा एक शोधक नागपूरच्याच रेल्वेनें गेला. कवि नारायण वामन टिळक संस्कृत ग्रंथांच्या कामानिमित्त कांहीं काळ या शहरांत राहत होते. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगांवास जात असतां डब्यांत एका गोऱ्या गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणें निघालें, आणि उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थानें त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनीं ती वाचावयास घेतली. डोंगरावरील प्रवचनापाशीं आले, आणि तेथें त्यांचें मन गुंतून पडलें. 1895 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते हें आम्ही जाणतों. परंतु त्यांचीं भजनें आपण मिस्सेंत गातों, तेव्हां हा भेद आपल्याला आठवत नाहीं, आणि तें बरेंच आहे.

आज टिळकांपेक्षांही त्यांच्या पत्नीविषयीं बोलावें असें आम्हांला वाटतें. पतीनें धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. सोंवळेंओंवळें त्यांच्या हाडींमांसीं खिळलेलें होतें. पुढें त्या पतीकडे परत गेल्या, तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळें. 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, एके दिवशीं एकट्या बसल्या असतां, जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. विचार करितां करितां तो माणसाचाच ठरला, आणि यापुढें कोणाच्याही हातचें खावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. 1900 सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. या क्रमाकडे लक्ष द्यावें. पाणी मस्तकावर पडण्यापूर्वीं वासरूं फुटलेलें होतें. आमचा बाप्तिस्मा जन्मतांच झाला. कदाचित् म्हणूनच आमचें वासरूं इतकीं वर्षें सुरक्षित राहिलें.

देवाचा शोध म्हणजे कोठें तरी दूर जाणें, अशी आमची तरुणपणीं समजूत होती. संत पौलानें अथेन्स शहरांत त्या अज्ञात देवाच्या वेदीवरून बोलतांना सांगितलें कीं, तो आपणांपैकीं कोणापासूनही दूर नाहीं. मग तो सांपडत कां नाहीं? आम्हांला दिसतें तें एवढेंच, कीं तो जेथें भेटावयास आला तेथें आम्हीं दुसरें कांहीं तरी बसवून ठेविलें होतें. आमच्या दिवाणखान्यांत तो त्या दिवशीं चहाचा पेला हातांत घेऊन बसला होता, आणि आम्हीं त्याला विचारिलें, आपण मूळचे कोणते?

पर्वतावरून उतरल्यावर मोशेनें वासरूं जाळिलें, त्याचें चूर्ण केलें, तें पाण्यांत कालविलें आणि लोकांना प्यावयास लाविलें. ही शिक्षा आम्हांला पूर्वीं विचित्र वाटत असे. ही हकीकत आपणांपुढें सांगण्यापूर्वीं, गेल्या रविवारीं, आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. बेल वाजविण्यापूर्वीं जिन्यांत किती वेळ उभे होतों तें सांगत नाहीं. आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं लगेच "असूं द्या, असूं द्या" म्हटलें नाहीं, हें आम्हांला बरें वाटलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशीं घरीं परत गेल्यावर मुलाला काय सांगावें तें मला सुचलें नाहीं. मी त्याला सांगितलें कीं पत्रिका जुळली नाहीं. तो हंसला. म्हणाला, बाबा, आपल्यांत पत्रिका कुठें बघतात?" मुलाचें पुढें चांगल्या ठिकाणीं लग्न झालें आहे, त्याला लहान मुलगी आहे, तिचा फोटो त्यांनीं आम्हांस दाखविला. हें सर्व नोव्हेनेंत सांगूं का, असें आम्हीं विचारिलें. "सांगा," ते म्हणाले, "नांव तेवढें घेऊं नका. आणि माझ्याविषयीं वाईट वाटावें असें सांगूं नका; तुमच्याविषयीं सांगा." तसें आम्हीं केलें आहे. निघतांना त्यांच्या पत्नीनें खाण्याची बशी पुढें केली, आणि आम्हीं ती रिकामी केली.

येत्या महिन्यांत आपल्या धर्मग्रामांत तीन विवाहांची घोषणा व्हावयाची आहे असें फादर सांगत होते. आणखीही घरांतून बोलणीं चालू असतील. ज्यांच्याकडे बैठक ठरली असेल त्यांनीं मनांत आणिल्यास आम्हांला बोलवावें. आम्ही मध्यस्थ म्हणून येऊं, आणि तो प्रश्न कोणी काढिला तर ही हकीकत तेथें पुन्हां सांगूं.

आतां येथें परमपवित्र साक्रामेंताची एक तास आराधना आहे. फादरांच्या संमतीनें दाराशीं एक मोठी टोपली ठेविलेली आहे. ज्यांना जमेल त्यांनीं आपले मोबाईल बंद करून तींत ठेवावे. टोपलीपाशीं वर्गांतील दोन मुलें उभीं राहतील, तेव्हां कोणाचा फोन हरवणार नाहीं. आमचा सर्वांत तळाशीं आहे.